वाचलेला घास कोणाचा?

शास्त्रवाचन : यशया, अध्याय ५८, अनुवाद, अध्याय २४, वचने १९ ते २२, करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८.



राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. त्यांतून सहा रविवार वगळले म्हणजे चाळीस उरतात. कारण प्रभूचा दिवस हा आनंदाचा दिवस, त्या दिवशी उपवास करू नये, अशी मंडळीची फार जुनी चाल आहे. आपल्या प्रभूने अरण्यात चाळीस दिवस उपास काढले, त्याचे स्मरण म्हणून हा काळ पाळतात. आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक मंडळ्यांत तो पाळला जातो, कित्येकींत त्याचे नावही निघत नाही. परंतु आपले जे रोमन कॅथलिक बंधू आहेत ते तो मोठ्या आस्थेने पाळतात. वसईकडे मराठी बोलणारे कॅथलिक शेतकरी शेकडो वर्षांपासून राहत आहेत, आणि १९९८ सालापासून त्यांचा धर्मप्रांतही स्वतंत्र आहे. तेथे व जगभर त्यांच्या देवळांत या काळाच्या पहिल्या दिवशी, मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख प्रत्येकाच्या कपाळी लावतात. आदल्या वर्षी ज्या झावळ्या हाती धरून होसान्ना म्हटले, त्यांचीच ही राख! मनुष्याच्या उत्साहाचे शेवटी काय होते, हे तीवरून लहान मुलासही कळावे.

या काळासाठी त्यांच्या मंडळीने तीन कामे नेमून दिली आहेत : प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. यांपैकी उपवासाचा नियम आता पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. १९६६ साली पोप सहावे पौल यांनी तो सौम्य केला. तेव्हापासून पूर्ण उपवास राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी असे दोनच दिवस बंधनकारक आहे. तोही अठरा वर्षांवरील व साठीच्या आतील धडधाकट माणसांस. आणि त्या दिवशीही एक वेळ पोटभर व दोन वेळा थोडेसे खाण्यास मोकळीक आहे. याशिवाय या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य. तेव्हा पोटावरचे ओझे पुष्कळच हलके झाले. परंतु तिसरे जे काम, दानधर्माचे, ते मात्र हलके झालेले नाही. उलट त्यावर अधिकच भर दिला जातो. असे का, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रश्न साधा आहे. शुक्रवारी घरात मटण शिजले नाही. त्याचे पैसे बटव्यात राहिले. ते कोणाचे? एका वेळची भाकरी खाल्ली नाही. ते पीठ डब्यात राहिले. ते कोणाचे? बटव्यात राहिले म्हणून ते आपले झाले काय? तसे असेल तर आपण उपवास केला नाही, काटकसर केली. आणि काटकसर तर सावकारही करतो. आज न खाल्लेले उद्या दुप्पट खावयाचे असेल, तर त्यात देवाला काय पोहोचले? यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाजवळ हीच तक्रार करतात, की आम्ही उपवास केला तरी तू पाहत नाहीस. त्यांस जे उत्तर मिळते ते प्रत्येकाने घरी जाऊन सावकाश वाचावे. त्याचे सार असे, की गोणपाट नेसणे व लव्हाळ्यासारखी मान वाकविणे यात देवाला संतोष नाही. बांधलेल्यास सोडणे, भुकेल्यास आपल्या अन्नात वाटेकरी करणे, उघड्यास पांघरूण घालणे, हा त्याला आवडणारा उपवास होय.

कोणी म्हणेल, उपवास व दान यांची ही गाठ रोमकरांनी मागाहून मारली असेल. तसे नव्हे. रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट हे भेद उत्पन्न होण्यापूर्वी कित्येक शतके ही गाठ पडलेली आहे. दुसऱ्या शतकात रोम शहरात हर्मास नावाच्या ख्रिस्ती मनुष्याने लिहिलेला एक ग्रंथ आहे. त्यात उपवास करणारास असे शिकविले आहे, की त्या दिवशी भाकरी व पाणी यांवर राहावे, जेवणास जो खर्च झाला असता त्याचा हिशेब करावा, आणि तेवढी रक्कम विधवेस, अनाथास किंवा गरजवंतास द्यावी. त्याच शतकात अरिस्तीद नावाच्या विद्वानाने रोमी बादशहापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. तीत तो सांगतो, की यांच्यामध्ये कोणी उपाशी असला आणि यांच्याजवळ जादा अन्न नसले, तर हे दोनतीन दिवस स्वतः उपाशी राहून त्याची भाकर भरून काढतात. लक्षात घ्या, ही माणसे श्रीमंत नव्हती. त्यांच्यात पुष्कळ गुलाम होते, मजूर होते, विधवा होत्या. जवळ काही नव्हते म्हणूनच तर त्यांना उपवास करून दान करावे लागले!

आता आपल्यातील तीन हरकतींचा विचार करू.

पहिली हरकत अशी, की हा सर्व कर्मकांडाचा मार्ग आहे, आणि आपण तर विश्वासाने तरतो. हरकतीचा पहिला भाग विचारात घेण्याजोगा आहे, दुसरा अगदी खरा आहे. उपवासाने पापाची फेड होत नाही आणि दानाने स्वर्ग विकत मिळत नाही. सुधारणेच्या काळी आपल्या धर्मपूर्वजांनी याच गोष्टीसाठी झगडा केला. १५२२ साली झुरिक शहरात एका छापखानेवाल्याच्या घरी उपवासकाळातच मुद्दाम मांस खाल्ले गेले. त्यावरून मोठा गहजब झाला. तेव्हा झ्विंग्ली या सुधारकाने असा उपदेश केला, की खाण्यापिण्यात ख्रिस्ती मनुष्य मोकळा आहे. ज्याला उपवास करावयाचा त्याने करावा, पण कोणावर जुलूम नको. येथपर्यंतची गोष्ट आपले लोक आवडीने सांगतात. परंतु पुढची गोष्ट सांगत नाहीत. तीनच वर्षांनी, १५२५ साली, त्याच शहराने गरिबांच्या पोटापाण्याचा नवा कायदा केला, आणि मठांच्या उत्पन्नातून शहरातील भुकेल्यांस रोज शिजलेले अन्न वाटण्याची व्यवस्था लावली. ज्यांनी उपवासाचे जू मोडले, त्यांनी भुकेल्याची पंगतही मांडली. आपण मात्र जू मोडले तेवढे लक्षात ठेवले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेने तारण झाले असे सांगून झाल्यावर पौल लगेच पुढच्या वचनात सत्कृत्यांचा उल्लेख करतो. ती करण्यासाठीच आपण ख्रिस्तामध्ये निर्माण झालो आहो. कर्माने झाड लागत नाही हे खरे. पण झाड लागले आहे हे फळावरूनच कळावयाचे.

दुसरी हरकत अधिक खोल आहे, आणि ती आम्हांस खेडोपाडी ऐकू येते. ती अशी, की देणे हे मोठ्यांचे काम. आम्ही गरीब, आम्हांस कोणीतरी द्यावे. या हरकतीस उत्तर म्हणून आम्ही आपणांस एका दूरच्या शहराची हकीकत सांगतो.

जर्मनी देशात कोलोन नावाचे प्राचीन शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात, जे १९४५ साली संपले, त्या शहराच्या मध्यभागी घर म्हणून उभे राहिले नाही. पुढच्या हिवाळ्यांत तेथील लोकांस पोटाला अन्न नव्हते व चुलीला कोळसा नव्हता. १९४६ च्या अखेरच्या रात्री तेथील आर्चबिशप योसेफ फ्रिंग्ज यांनी उपदेशात सांगितले, की काम करून किंवा मागून मिळत नसेल, तर जीव जगविण्यापुरते घेणे हे अशा हलाखीत माणसास क्षम्य आहे. लोक रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा उचलून आणीत. या कामास त्यांनी आपल्या बिशपच्याच नावावरून एक नवीन क्रियापद बनविले! त्या काळी परदेशच्या मंडळ्यांनी व धर्मसंस्थांनी धाडलेल्या अन्नाच्या पेट्यांनी कित्येक जर्मन घरे जगविली. ज्यांच्याशी आदल्याच वर्षापर्यंत युद्ध चालले होते, त्यांनीच ते अन्न पाठविले होते.

पुढे काय झाले ते पाहा. त्यानंतर पुरती बारा वर्षेही झाली नव्हती. १९५८ साली त्याच फ्रिंग्ज यांनी जर्मनीच्या कॅथलिक बिशपांपुढे असा विचार मांडला, की उपवासकाळात आपल्या लोकांनी घासातला घास काढून जगातील भुकेल्या व रोगी लोकांसाठी द्यावा. १९५९ च्या उपवासकाळात त्यासाठी पहिल्याने अर्पण गोळा झाले. या कार्यास त्यांनी 'मिझेरेओर' असे लॅटिन नाव दिले. मार्काच्या आठव्या अध्यायात तीन दिवस उपाशी असलेल्या समुदायाला पाहून प्रभूने आपला कळवळा ज्या शब्दात बोलून दाखविला, तो हा शब्द. आणि त्याच वर्षीच्या अखेरीस, आगमनकाळात, तेथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही 'जगासाठी भाकर' या नावाने आपले अर्पण सुरू केले. ही दोन्ही कार्ये आजही चालू आहेत, आणि आपल्या देशातील शेती, पाणी व औषधोपचार यांच्या कितीतरी कामांस त्यांचा हात लागलेला आहे.

बंधूंनो, हे लोक धनाढ्य झाल्यावर उदार झाले असे म्हणून ही गोष्ट बाजूस सारू नका. धनाढ्य तर पुष्कळ होतात. त्यांस आठवण राहिली होती, हे यातील मर्म आहे. परक्याच्या भाकरीची चव ज्यांच्या जिभेवर ताजी होती, त्यांनी परक्याकरिता भाकर काढली.

आता आपल्याकडे वळू. १८७६ ते ७८ चा दुष्काळ व १८९६ पासून १९०० पर्यंतचे दुष्काळ यांची नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी पुष्कळ दिवस होती. त्या दिवसांत मिशनांनी अन्नछत्रे घातली, तलाव व रस्ते यांची कामे काढली, अनाथ मुलांस आश्रय दिला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडित मुली शोधून आणून केडगावी मुक्तिसदनात सांभाळल्या. १९०० साली 'क्विटो' नावाची आगबोट अमेरिकेतून मका भरून मुंबईस आली. तो मका तेथील शेतकऱ्यांनी व ख्रिस्ती वाचकांनी दिला होता. ज्यांस तो द्यावयाचा त्यांचे गाव कोणते, जात कोणती, हे त्यांस ठाऊकही नव्हते. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची वंशवेल त्या दिवसांत कोणाच्या तरी ओंजळीतून जगली. तेव्हा आपण परक्याच्या घासावर वाढलेले लोक आहो. यात लाज कसली? लाज आहे ती ते विसरण्यात. परदेशी मिशनऱ्यांचा काळ केव्हाच संपला. १९७० साली नागपुरास उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, त्यासही आता पुष्कळ वर्षे लोटली. मिशनचा बंगला रिकामा झाला, पण हात पुढे करण्याची सवय तेवढी मागे राहिली.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे, की कापणीच्या वेळी शेतात पेंढी विसरली तर ती आणावयास परत जाऊ नये. जैतून झोडपल्यावर राहिलेली फळे पुन्हा झोडपू नयेत. द्राक्षमळ्यात मागे राहिलेले घड खुडू नयेत. हे सर्व परदेशी, पोरका व विधवा यांचे आहे. आपल्याकडे कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा गरिबांनी वेचण्याची रीत आहे, तसेच हे. आणि या आज्ञेचे कारण देव काय सांगतो? तू श्रीमंत आहेस म्हणून दे, असे नव्हे. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असे. ज्याने भूक पाहिली, त्याच्यावर हा हक्क अधिक. रूथ परदेशी असून बवाजाच्या शेतात सरवा वेचीत होती. त्या सरव्याच्या वाटेनेच दाविदाचा व आपल्या प्रभूचा वंश चालला, हे विसरू नये. मासेदोनियातील मंडळ्या दारिद्र्याने गांजलेल्या असताही यरुशलेमच्या गरिबांसाठी देण्याची संधी आपणांस मिळावी म्हणून पौलाची विनवणी करीत होत्या. गरिबाने द्यावे ही आज्ञा त्याच्यावर ओझे नाही. ती त्याला दिलेली प्रतिष्ठा आहे. जो केवळ घेतो तो आश्रित राहतो; जो देतो तो भाऊ होतो.

तिसरी हरकत बाहेरून येते. आपण कोणास काही दिले की लोक म्हणतात, अन्नाचे आमिष दाखवून बाटवितात. आपल्या पूर्वजांसही पोटासाठी धर्म सोडला असे बोल ऐकावे लागले. या भयाने काही जण आपल्याच लोकांपलीकडे दान करीत नाहीत. यावर उपाय दान बंद करणे हा नव्हे, दान शुद्ध करणे हा आहे. जो आपल्या उपासनेस कधी येणार नाही, त्यालाही तितक्याच आनंदाने द्या. देताना काही बोलू नका, काही मागू नका, पुढे केव्हा त्याची आठवण करून देऊ नका. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. एकच परत आला. उरलेल्या नवांचे आरोग्य त्याने परत घेतले काय? ज्या दानाच्या पाठीमागे काही अट आहे, ते दान नसून सौदा आहे. आणि प्रभूच्या नावाने सौदा करणे हे त्याच्या नावाला काळिमा लावणे होय.

आता कसे द्यावे, याविषयी थोडे सांगून हा उपदेश पुरा करू.

अमेरिकेत ॲलेन्टाऊन येथील कॅथलिक लोकांनी १९७५ साली, आफ्रिकेत साहेल प्रदेशात दुष्काळ पडला असता, एक साधी युक्ती काढली. उपवासकाळभर प्रत्येक घरी जेवणाच्या मेजावर पुठ्ठ्याची एक लहान पेटी ठेवावयाची, साधे जेवण करून वाचलेले पैसे मुलांच्या हातून तीत टाकावयाचे, आणि शेवटी ती देवळात आणावयाची. पुढे ही चाल त्यांच्या देशभर पसरली. त्या पैशांतील चौथा हिस्सा आपल्याच भागातील गरिबांसाठी राहतो, तीन हिस्से दूरदेशी जातात. आपल्या देशात कॅथलिक मंडळीची 'कारितास इंडिया' ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था उपवासकाळात भूक व रोग यांविरुद्ध अशीच मोहीम चालविते.

पुठ्ठ्याची पेटी नको, आपल्या घरी मडके आहे. मिझोराममधील प्रॉटेस्टंट बहिणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून दर वेळी भात शिजविताना एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूस काढतात. तो तांदूळ घरोघरून गोळा होतो, विकला जातो, आणि त्या मुठींतून मंडळीच्या कार्यास दरसाल कोट्यवधी रुपये मिळतात. आपल्याकडे हा काळ येतो तोच ज्वारी-गव्हाच्या सुगीला लागून. चुलीपाशी एक मडके ठेवावे, आणि सकाळ-संध्याकाळ पीठ मळण्यापूर्वी दाण्याची एक एक मूठ त्यात टाकावी. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तरी चाळीस दिवसांत एका घरची चार किलो होते. मंडळीत तीस घरे असली तर एकशेवीस किलो, म्हणजे सव्वा क्विंटलाच्या आसपास धान्य. आणि कोणाच्या पोटाला चिमटाही बसला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुष्कळ घरी स्वस्त धान्य दुकानाचे धान्य येते, हे खरे. मग हे धान्य विकावे, आणि त्या पैशांतून एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याची औषधे, एखाद्या पोराची वह्यापुस्तके, एखाद्या विधवेचे जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंतचे गाडीभाडे निघावे. मोठा हिस्सा गावातच राहिला तरी चालेल. पण काही तरी वेशीबाहेर, ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही त्याच्याकरिता, गेलेच पाहिजे. त्या 'क्विटो' बोटीचे तेवढे देणे आपणांकडे आहे.

केवळ पैसे देऊन मोकळे होऊ नका. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिस शहरात आपल्या काही मित्रांसह संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाने एक संघ काढला. त्याचा नियम असा, की गरिबास आपल्या दारी बोलवावयाचे नाही. आपण त्याच्या दारी जावयाचे. आज जगातील कितीतरी कॅथलिक देवळांच्या आश्रयाने तो संघ काम करतो. ज्याला रांगेत उभे करून दिले त्याची भूक भागते, पण मान खाली जाते. ज्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या हातचे पाणी पिऊन दिले, त्याची मान ताठ राहते. आपल्या देशात दुसऱ्याच्या घरचे पाणी पिणे याचा अर्थ काय, हे आपल्या लोकांस सांगावयास नको.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगितली पाहिजे. आपल्या कित्येक मंडळ्यांत उपासनेनंतर वर्गणीदारांची यादी मोठ्याने वाचतात. अमुक पाटलांचे पाचशे, अमुक गुरुजींचे दोनशे. ज्या बाईने दहा रुपये टाकले ती त्या वेळी पदर सावरीत खाली पाहते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने ज्या करण्याचा निषेध केला, ते करणे याहून निराळे कोणते? मंदिरात दोन टोल्या टाकणारी विधवा प्रभूने पाहिली. त्याने तिचा मोठेपणा शिष्यांस सांगितला, पण तिचे नाव मात्र सांगितले नाही. म्हणून आमची पंचांस व उपदेशकांस नम्र विनंती आहे, की या उपवासकाळात नावांची यादी वाचू नये. मात्र हिशेब अवश्य वाचावा. किती आले, कोठे खर्च झाले, किती उरले, हे पैनपै सांगावे. पौलानेही यरुशलेमकरिता जमविलेले द्रव्य एकट्याने नेले नाही. कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले. नाव झाकावे, हिशेब उघडावा. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट चालते.

तर मग, प्रियांनो, या चाळीस दिवसांत कोणी राख लावो अगर न लावो, मांस खावो अगर न खावो, आम्ही त्याचा न्याय करीत नाही; तो आपल्या धन्यापुढे उभा आहे. आम्ही इतकेच विचारतो, की तुमच्या ताटातून जो घास वाचला तो कोठे गेला? तो भुकेल्याच्या मुखी गेला असेल, तर पुनरुत्थानाच्या सकाळी जो प्रभू उठला तो त्या घराच्या ओसरीवर तुम्हांस भेटेल. ज्याने आपल्याकरिता केवळ घास नव्हे, आपले शरीरच मोडून दिले, तो देवाचा पुत्र आपले हात सैल करो, आपली जीभ आवरो, आणि आपली आठवण जागी ठेवो. आमेन.